भात पिकेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना तारपा आहे. दिसायला म्हणाल तर वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा भोंगा. सहदेव आजांनी मला मेणाने जोडलं, तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. मरोळच्या पलीकडे, आरेच्या झाडीतला आमचा वारली पाडा माझ्या सुरावर फेर धरायचा तो पाय दुखेस्तोवर. मी जरा शेफारलोही होतो, खोटं कशाला बोलू!

मग शेतं गेली, इमारती आल्या. ओहोळाकाठी आजांचा भाताचा एक तुकडा तेवढा उरला. नवा दाणा घरात आला की ते मला फुंकतात. बाकीचे महिने मी कुडाच्या भिंतीवर लटकतो. पोटात गांधीलमाश्या घर करतात आणि मी आजांच्या श्वासासाठी झुरत राहतो.

यंदा आजांची नात अक्षता हिचा नर्सिंगला नंबर लागला, अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर. पोरगी हरखून गेली. राज्यघटनेनं दिलेला हक्क तो. पण आधी वारली असल्याचा दाखला आणा, कॉलेजवाले म्हणाले. दाखल्याला आजांच्या वेळचा पुरावा हवा, आणि आजा जन्मले झोपडीत. तेव्हाचा कागद आणायचा कुठून? म्हणून भर श्रावणात एक चौकशी अधिकारी पाड्यावर आले. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"बाबा, हा वाजवून दाखवा. तुमच्या रीतीभाती बघून मला अहवाल द्यायचाय."

आजांनी मला खाली काढलं. मी नुसता मोहरून गेलो! पण ओठांपाशी नेता नेता त्यांचा हात थांबला.

"आता नाय सायब. भात अजून पोटरीत हाय, कणीस भाईर पडलं नाय. आता वाजवला तर कणसरी माय रुसंल."

कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी.

"आजा, एकदाच फुंक ना! माझी सीट जाईल रे," अक्षता रडकुंडीला आली.

"नाय गं बाय."

मलाही आजांचा रागच आला. एक श्वास मागत होतो, फक्त एक! अधिकाऱ्यांनी लिहिलेलं अक्षताने वाकून वाचलं: 'वाद्य वाजवता येत नाही.'

तिने डोळे पुसले. "साहेब, येतं त्याला. भात पिकल्याशिवाय वाजवायचा नाही, हीच आमची रीत आहे. ती लिहा ना."

अधिकाऱ्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी ती ओळ खोडली. "भात पिकलं की येतो. पण प्रवेशाची मुदत तोवर थांबणार नाही, पोरी."

ते बोलल्याप्रमाणे आले. कापणी झाली होती. आजांनी मला फुंकलं, पाड्याने फेर धरला, आणि अधिकारी चपला काढून ऐकत उभे राहिले. दाखला आता मिळेल. अक्षताची जागा मात्र केव्हाच गेली होती. तरीही ती फेरात सगळ्यांच्या पुढे नाचली. वर्षभर ज्या श्वासासाठी झुरलो, तो मिळाला आणि मला रडू आलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. भोपळा वाळवला की नवा तारपा होतो. एवढंच मागतो: कुणाला त्याची ओळख विचारलीत, तर त्याचं भात पिकेपर्यंत त्याची जागा राखून ठेवा.