टोचलेलं नाक

डॉक्टर ग्रेवालबाईंनी अविनाशचं तोंड खिडकीकडे वळवलं आणि त्याच्या नाकपुडीवर बोट ठेवलं.

"इसकी नाक किसने छिदवाई?"

पद्मजा ओशाळून हसली. बारशाला तिच्या आईने हट्टाने सोनार बोलावला होता. नातीची हौस नातवावर भागवते, म्हणाली होती. नंतर पोराला न्यूमोनियामागून न्यूमोनिया झाला, कान वाहायचे थांबेनात, वर्षभर क्षयाची औषधं देऊन झाली. त्यात नाकाचं कोण घेऊन बसतंय?

ग्रेवालबाई हसल्या नाहीत.

"हमारे गाँव में भी छिदवाते हैं. जिस घर में लड़के नहीं बचते, वहाँ."

मग त्या साताऱ्याहून आलेल्या आजीकडे वळल्या. "माँजी, आपके कितने लड़के हुए?"

पद्मजाने कालच त्यांना सांगितलं होतं, मला भाऊ नाही. ती आणि उल्का, दोघीच.

"तीन," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. पुढचं त्या मुलीला मराठीतच म्हणाल्या, "तुझ्या आधीचे. एकही दोन वर्षांचा झाला नाही."

ग्रेवालबाईंनी सगळं समजावून सांगितलं. रोगाशी लढणारं द्रव्य या बाळाच्या रक्तात तयारच होत नव्हतं. दोष आईकडून मुलग्यात उतरतो, आईला काहीच होत नाही. इंजेक्शनं आता जन्मभर घ्यावी लागतील.

"पहले पता होता तो तभी शुरू कर देते. फेफड़े बच जाते."

"आई, तुला सोनार आठवला," पद्मजा म्हणाली, "डॉक्टर नाही आठवला?"

"दोन मुली उजवायच्या होत्या, पद्मा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पद्मजा संतापली. सख्ख्या आईने पोटच्या पोरीला असं अंधारात ठेवावं? दाराशी तिचा नवरा रघुवीर उभा होता, हवाई दलाच्या गणवेशातच थेट इकडे आलेला. प्रत्येक डॉक्टरला त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, घराण्यात काही नाही. तिला त्याची फार कीव आली.

"अहो, आमच्या माणसांनी तुम्हाला फसवलं हो."

रघुवीरने टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुझ्या वडिलांनी मला लग्न ठरतानाच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या कानावर घालू नका म्हणाले. मला वाटलं, तेव्हा मुलं जायचीच. तुझ्या जिवाला उगाच घोर कशाला?"

पद्मजाने पुढे होऊन बाळाला उचललं, छातीशी धरलं आणि दोघांकडेही पाठ करून डॉक्टरांसमोर बसली.

"अब जो पूछना है, मुझसे पूछिए. और किसी से नहीं."

"ठीक है," ग्रेवालबाई म्हणाल्या. "आपकी माँ के भाई? कोई बचपन में गुज़रा था?"

पद्मजाने तोंड उघडलं. शेवटी तिला मागे वळून आईकडे बघावंच लागलं.