एकशे बारा नंबरची सही

प्रयोगशाळेत तिला सगळे झाडवाली म्हणत, कारण दिवसभर ती विषाणूंचे वंशवृक्ष काढत बसायची. एचआयव्हीचा विषाणू स्वस्थ बसणाऱ्यातला नाही. माणसागणिक तो वेगळा असतो, आणि एकाच माणसाच्या अंगातही वर्षावर्षाला वेश पालटतो. लस करायची तर त्याचा नेमका कुठला चेहरा शरीराला ओळखायला शिकवायचा, इथेच सगळं घोडं अडलेलं. म्हणून ती शेकडो रक्तनमुन्यांतल्या विषाणूंची जनुकं ताडून बघायची आणि कोण कुणाच्या जवळचा, कोण लांबचा, ते फांद्या काढून दाखवायची. चार वर्षांत या कामाने तिच्या नाकी नऊ आणले होते.

अशात एकशे बारा नंबर हाती लागला. एका बाईचं रक्त, दर सहा महिन्यांनी घेतलेलं, सलग सात वर्षं. औषधं लगेच सुरू करत नसत त्या काळातलं. तिच्या अंगात तयार झालेल्या अँटीबॉडी झाडाच्या जवळजवळ सगळ्या फांद्यांवरच्या विषाणूंना अडवत होत्या. असं फार थोड्यांना जमतं. झाडवालीने सगळे नमुने ओळीने लावले आणि तिला दिसलं, की विषाणू जसजसा बदलत गेला, तसतशा अँटीबॉडी त्याच्या मागोमाग शिकत गेल्या होत्या. ते सगळं शिक्षण लशीतून पहिल्यापासून देता आलं तर?

प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी आकृती दोनदा पाहिली. "सुरुवात हिच्यापासूनच करू," ते म्हणाले. "फक्त सही आणा."

जुन्या संमतीपत्रात फक्त अभ्यासाची परवानगी होती. लशीसाठी नवी सही हवी होती. कुठला नंबर कुणाचा, ते फक्त खालच्या दवाखान्यातल्या सिस्टरच्या कुलूपबंद कपाटातल्या रजिस्टरला ठाऊक. सिस्टरने फोन लावला. बाई हयात होती, औषधं नियमित चालू होती, तब्येत ठणठणीत होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करत होती.

ती मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आली. सिस्टरच्या खोलीत दोन खुर्च्या, वजनाचा काटा आणि संगणक ठेवलेलं एक टेबल. चष्मेवालीने संमतीपत्राची चारही पानं शांतपणे वाचली, मग पेन न उचलता म्हणाली, "सही करते. पण आधी एक सांगा. आमच्या ह्यांचंही रक्त इथेच घेतलं होतं. ते जाऊन नऊ वर्षं झाली. सासूबाई जन्मभर म्हणत आल्या, मीच हे घरात आणलं. आता मुलीच्याही कानात तेच भरलंय. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, माझ्याशी कामापुरतं बोलते. तुमच्या त्या झाडावर लिहिलेलं असेल ना, कुणाकडून कुणाला आलं ते?"

हो, ह्यांच्याकडूनच आलं, एवढं झाडवालीने म्हटलं असतं तर सही तिथल्या तिथे झाली असती. बाईचं समाधान झालं असतं आणि सरही खूश. ते शब्द अगदी ओठांवर आले होते.

"ताई, दुसऱ्या कुणाचं रक्त काय सांगतं, ते मला बोलता येत नाही. माणूस गेला तरी नाही," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? बघितलं तरी कळणार नाही. झाड फार तर म्हणेल, हे दोन व्हायरस जवळचे आहेत. कुणी कुणाला दिला, की दोघांना तिसऱ्याच कुणाकडून आला, हे ते छातीठोकपणे सांगू शकत नाही."

"म्हणजे सात वर्षं माझं रक्त घेतलंत, आणि माझ्या कामाचं एवढंही त्यात नाही?"

चष्मेवालीने पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

सर चिडले. "गोड बोलून वेळ मारून न्यायची होती," ते म्हणाले. झाडवाली म्हणाली, "खोटं बोलून घेतलेल्या सहीवर लस कशी उभी करायची?" सरांनी तो विषय तिथेच सोडला, पण दुसऱ्या दिवशी काम दुसऱ्या नमुन्यावर सुरू झालं. तो बराच लंगडा होता. अर्ध्या फांद्यांवर त्याचं काही चालत नव्हतं.

तीन आठवडे गेले. एका दुपारी सिस्टरने तिला खाली बोलावलं. खोलीत चष्मेवाली बसली होती आणि दाराशी तिची मुलगी, हाताची घडी घालून.

"मला जे सांगितलंत तेच हिला सांगा," चष्मेवाली म्हणाली. "मी सांगितलं तर हिला वाटतं, मी हात झटकतेय."

झाडवालीने संगणकावर झाड उघडलं. एक फांदी मोठी करून दाखवली; तिच्यावर दर खेपेच्या नमुन्याचा एक, असे पंधरा ठिपके होते. "हे तुझ्या आईचं. हा सगळ्यात पहिला व्हायरस. हे पुढच्या सात वर्षांतले."

"आणि याच्या आधीचा?" मुलीने विचारलं.

"तो आमच्याकडे नाही. व्हायरसवर देणाऱ्याचं नाव नसतं. वर्षभर डोकेफोड केली तरी मला शपथेवर सांगता येणार नाही."

मुलगी दारातून पडद्याजवळ आली. "मग आजीला कसं कळलं?"

"ते मी कसं सांगू? रक्तावरून तर कळलेलं नाही. इथून तसा कागद कधीच कुणाला दिलेला नाही."

मुलीने हाताची घडी सोडली. खुर्ची ओढून ती आईच्या शेजारी बसली आणि त्या पंधरा ठिपक्यांवर बोट फिरवत म्हणाली, "एवढ्या वेळा आलीस तू इथे? एकटीच?"

"कोण येणार होतं बरोबर?" चष्मेवाली म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मग तिने पेन मागितलं आणि प्रत्येक पानावर सही केली. शेवटच्या पानावर साक्षीदाराची जागा होती, तिथे मुलीने आपलं नाव लिहिलं.

एकशे बारा नंबरच्या पहिल्या विषाणूचं बाहेरचं प्रथिन लशीच्या आराखड्यात पहिल्या पायरीला, म्हणजे पहिल्या डोसला, गेलं. त्याचे पुढचे दोन अवतार दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीला. दीड वर्षाने सशांवर चाचणी झाली. बारापैकी पाच सशांच्या रक्ताने लांबच्या दोन फांद्यांवरचे विषाणू अडवले, बाकीच्यांनी काहीच दाद दिली नाही. सरांच्या मते सुरुवातीला एवढंही पुष्कळ होतं. झाडवालीला दुसरी पायरी चुकलेली वाटत होती. तिने चौथ्या वर्षाचा नमुना फ्रीझरमधून पुन्हा काढला आणि कामाला लागली.