राधेच्या तोंडाचे मानकरी

आमच्या गावात मान नाही अशी वस्तू सापडणं कठीण. पालखीच्या पुढच्या दांड्याला कुठल्या घरातला हात, होळीच्या झाडावर पहिला घाव कुणाचा, नारळ कुणी वाढवायचा आणि वाढवलेल्या नारळाची कुठली कवड कुणाच्या घरी जायची, हे सगळं ठरलेलं आहे. ज्याला कसलाच मान नाही तो माणूस गावात दिसतो, पण असतो असं म्हणता येत नाही. त्यामुळे गेल्या पौषात आम्ही ऋत्विकचं तोंड मानकऱ्यांत वाटून घेतलं, तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

ऋत्विक लांज्याच्या काजूच्या कारखान्यात गर निवडतो. वय तेवीस. नमन म्हणजे आमच्याकडचं गाण्या-नाचाचं लोकनाट्य, आणि आमच्या नमन मंडळात तीन वर्षं राधा तोच करतो. काही मंडळांनी राधेला आता मुली घेतल्या आहेत. आम्ही घेत नाही, कारण मुलींनी तोंड रंगवून चारचौघांत नाचणं बरं दिसत नाही. ऋत्विकनं नाचलेलं मात्र फार बरं दिसतं. तो कमरेवर घागर घेऊन आला की पुढच्या रांगेतले म्हातारे ताठ बसतात. तोच ऋत्विक दुसऱ्या दिवशी दुकानात तोंडाचा साबण निवडताना दिसला, की तेच म्हातारे त्याला "काय वैनी?" म्हणून हाक मारतात.

राधेच्या तोंडाला सफेदा लागतो, त्यावर गुलाबी पावडर. प्रयोग संपला की तो काढायची मंडळाची रीत जुनी होती: वर खोबरेल चोळायचं, मग कपडे धुण्याच्या साबणाची वडी फिरवायची आणि नारळाच्या काथ्यानं घासायचं. मंडळाची पातेली आणि मंडळाची राधा एकाच काथ्यानं स्वच्छ होत. दोन हंगाम तोंडाची नुसती आग झाली, तिसऱ्यात असे बावीस प्रयोग झाले आणि ऋत्विकचं तोंड पेटलं. गाल लाल, कपाळावर पुळ्या, नुसतं पाणी लागलं तरी चरचरायचं.

रत्नागिरीची नमन स्पर्धा वीस दिवसांवर होती. आणि अध्यक्ष काशीरामभाऊंचा भाचा शुभंकर, जो लोट्याला कंपनीत आहे, तो गेले दोन महिने पाळ्या बदलून घेऊन तालमीला येऊन बसत होता. काम काही नाही. नुसता राधेच्या जागेकडे बघत बसायचा.

काशीरामभाऊंच्या पडवीत सभा झाली. भाऊ खुर्चीवर, आम्ही सतरंजीवर, ऋत्विक मध्ये उजेडात.

"भाऊ, मी लांज्याच्या मेडिकलात विचारून कायतरी साधं आणतो," ऋत्विक म्हणाला.

"बाप्यानं मेडिकलात जाऊन तोंडाचं मलम मागायचं?" काशीरामभाऊ म्हणाले. "मंडळाची अब्रू हाय का नाय? आणि तुजं तोंड काय तुज्या एकट्याचं हाय काय? मंडळाचं हाय."

यानंतर उपाय सुरू झाले. मृदंग वाजवणारे धोंडूतात्या म्हणाले, लिंबू आणि खायचा सोडा. तांब्याची भांडी निघतात तर तोंड का नाही निघणार? सदूआप्पांनी मुठेल सुचवलं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, आमच्याकडे ते टाचांच्या भेगांत भरतात. "टाच काय परक्याची असते?" असं त्यांनी विचारलं. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचे चिटणीस फोनवर होते. तिकडे आता तोंडाला कोळशाचं काळं लावून सोलून काढतात, ते पार्सलनं पाठवतो म्हणाले. शेवटी काशीरामभाऊंनी सुनेला हाक मारली.

दीपालीवहिनी चेहऱ्याच्या सल्लागार आहेत. हे शिक्षण त्यांनी मोबाइलवर तीन दिवसांत घेतलं. त्यांच्याकडे सात बाटल्यांचा संच आहे, किंमत चार हजार आठशे. एक बाटली लावून दुसरी, दुसरी सुकली की तिसरी. सातवी लावेपर्यंत पहिली का लावली होती ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

"आणि सुरुवातीला त्रास वाढला तर घाबरायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "आतली घाण बाहेर पडते. जितकी जास्त पडेल तितका गुण."

असं औषध विकायला फार बरं. बरं वाटलं तर गुण आला, वाईट वाटलं तर जास्त गुण आला.

आता कुणाचा उपाय घ्यायचा यावरून आवाज चढले. एकाचा घेतला तर दुसऱ्याचा अपमान. तेव्हा भाऊंनी गावाला शोभेल असा निवाडा केला. उजवा गाल अध्यक्षांच्या घराकडे. डावा गाल धोंडूतात्यांकडे. कपाळ सदूआप्पांकडे, कारण ते वयानं मोठे. नाक मुंबईच्या मंडळाकडे. हनुवटी उरली ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "हनुवटीला काही लावू नका, पाण्यानं धुवा." मला उपाय सुचत नाही असं सभेचं मत पडलं आणि हनुवटी विचाराधीन राहिली.

"रविवारी तोंड बगू," भाऊंनी सांगितलं. "सुदारलं तर राधा तुजी. नायतर शुभंकर हाय."

शुभंकरनं मान खाली घातली. त्याच्या गालावर एक तीळही नव्हता.

मंगळवारी ऋत्विक खायचा सोडा आणि कापूस घ्यायला लांज्याच्या मेडिकलमध्ये गेला. तिथे समीक्षा नावाची मुलगी असते. मूळची गुहागरची, औषधांचं रीतसर शिकलेली, आणि गिऱ्हाइकाला हसू नये हे न शिकलेली.

"सोडा कशाला?"

"डाव्या गालाला."

"आणि उजव्याला?"

त्यानं सगळं सांगितलं. ती काउंटरवर कोपरं टेकून ऐकत राहिली.

"चेहरा आहे की ग्रामपंचायत?" ती म्हणाली. "रंग कशानं काढता?"

"काथ्यानं."

"आणि भांडी कशानं घासता?"

तिनं आतून दोन वस्तू आणून ठेवल्या. एक तोंड धुण्याची साधी बाटली, वास नसलेली, फेसही बेताचाच. एक मॉइश्चरायझरची ट्यूब, पांढरी, तिच्यावर ना फूल ना बाई. दोन्ही मिळून दोनशे ऐंशी रुपये.

"एवढंच?"

"जास्त द्यायचे असतील तर तुमच्या वहिनींना द्या. हे दोनदा धुवायला, आणि तोंड ओलसर असतानाच हे लावायला. बाकी सगळं बंद. रंग काढताना तेलानं सुटू दे, मऊ फडक्यानं टिपा, पण तेल तोंडावर मुक्कामाला ठेवू नका. लगेच धुवा. आणि एकदम सगळीकडे लावू नका. आधी थोडं कुठेतरी लावून तीन-चार दिवस बघा. ज्याचं त्याचं कातडं वेगळं असतं. दहा-बारा दिवसांत उतरलं नाही तर रत्नागिरीला त्वचेच्या डॉक्टरांकडे जा."

"लावायला जागा नाय शिल्लक," ऋत्विक खरोखरच अडचणीत येऊन म्हणाला.

तिनं त्याला एकदा नीट न्याहाळलं. "कानामागे कुणाचा मान आहे?"

"नाय कुणाचा."

"मग तो माझा वॉर्ड."

त्या आठवड्यात ऋत्विकचं तोंड गावात फार बघितलं गेलं. सकाळी सदूआप्पा स्वतः येऊन कपाळाला मुठेल भरत, टाचेला भरतात तसंच, अंगठ्यानं दाबून. धोंडूतात्या लिंबू चोळताना ताल धरत. दीपालीवहिनी उजव्या गालावर सात थर देऊन फोटो काढत आणि तो 'उपचार सुरू' म्हणून सगळ्या गावाला पाठवत. ऋत्विकच्या आईनं, मालनकाकूनं, दीपालीवहिनींना एकदाच विचारलं, "गो बायो, त्याचं तोंड शिल्लक ठेवशाल ना?" तिला सांगण्यात आलं की हा मंडळाचा विषय आहे.

रात्री निजताना ऋत्विक डाव्या कानामागची बोटभर जागा धुवायचा आणि ट्यूबमधलं वाटाण्याएवढं लावायचा. त्या जागेकडे कुणी बघत नव्हतं.

रविवारी पडवीत पुन्हा सभा. ऋत्विक पुन्हा उजेडात. उजव्या गालाचे पापुद्रे निघत होते. डावा भाजल्यासारखा. कपाळावर मोहरी पेरल्यागत बारीक पुळ्या. नाक छान होतं, कारण मुंबईचं पार्सल लांज्याच्या एसटी स्टँडवरच पडून होतं. हनुवटीही बरी होती. तिच्यावर कुणी काही केलं नव्हतं.

यावरून कुणी काही शिकणार नाही अशी माझी अपेक्षा होती, आणि ती पुरी झाली.

"माज्या गालात ह्यांचं लिंबू आलं," काशीरामभाऊ म्हणाले. "नाकावरनं ओघळून आलं."

"उलट तुमच्या बाटल्या माज्या हद्दीत आल्या," धोंडूतात्या म्हणाले. "मी रोज बगत होतो. वैनी बोट लांबवतात."

"कपाळ वर हाय, ता कुणाच्या हद्दीत जात नाय," सदूआप्पा म्हणाले. "पण खालची आग वर चढली."

दीपालीवहिनींनी गाल जवळून पाहिला आणि समाधानानं म्हणाल्या, "घाण छान बाहेर पडतेय."

हद्दीचा वाद तासभर चालला. मोजणी आणायची तेवढी राहिली. ज्याची कातडी जळत होती त्याला कुणी बस म्हटलं नाही. शेवटी काशीरामभाऊ खाकरले आणि म्हणाले, "मंडळानं सगळं केलं. ह्याचंच कातडं नाठाळ. आता राधा शुभंकरनं करावी, असं माजं मत."

तेव्हा ऋत्विक त्या सभेत पहिल्यांदा बोलला.

"भाऊ, अजून तेरा दिवस हायत. मला बारा द्या. मान ज्याचा त्याच्याकडे राहू दे. फक्त औषधं माज्याकडे द्या. मी घरी, माज्या हातानं, हद्द सांभाळून लावीन. बाराव्या दिवशी तोंड बगा. नाय जमलं तर घागर मी स्वतः शुभंकरच्या हातात देतो."

हद्द सांभाळून म्हटल्यावर तिघेही खूश झाले. प्रत्येकाला वाटलं, हे दुसऱ्यांना चांगलं सुनावलं.

लिंबांचं मालनकाकूनं लोणचं घातलं. मुठेल तिच्या टाचांना गेलं आणि तिथे त्यानं उत्तम काम केलं. सात बाटल्या माळ्यावर गेल्या. ऋत्विक सकाळ-संध्याकाळ दोनशे ऐंशी रुपयांत तोंड धुवत आणि ट्यूब लावत राहिला. कानामागे काही उठलं नव्हतं, म्हणून आधी हनुवटीला, मग गालांना, मग कपाळाला. तीन दिवस काही झालं नाही, आणि काहीही न होणं हे त्या तोंडाला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. चौथ्या दिवशी चरचर थांबली. दहाव्या दिवशी लाली उतरली. दोन डाग राहिले, ते सफेद्याखाली गेले असते.

बाराव्या दिवशी तिघा मानकऱ्यांनी आपापला प्रदेश तपासला आणि आपापल्या उपायाला गुण आला असं जाहीर केलं. शुभंकर पुढच्या एसटीनं लोट्याला गेला.

रत्नागिरीत राधा उभी राहिली तेव्हा मी पडद्याआडून पाहत होतो. तीन वर्षांत पहिल्यांदा तो पूर्ण हसला. आधी गाल ताणला की आग व्हायची म्हणून अर्धंच हसायचा, आणि आम्ही त्याला राधेची लाज समजून वाखाणत होतो. उतरल्यावर त्यानं तेलानं रंग सुटू दिला, आईच्या जुन्या पातळाच्या फडक्यानं टिपला आणि स्वतःच्या बाटलीनं तोंड धुतलं. काथ्या भांड्यांकडे परत गेला.

आमचा दुसरा नंबर आला. गावी सत्कार झाला. काशीरामभाऊंनी भाषणात चेहऱ्याच्या मानकऱ्यांचे आभार मानले, नाकासाठी मुंबईचेही. मग ऋत्विकला बोला म्हणाले. त्याचा स्वभाव गरीब, पण खोटं पचत नाही.

"औषधं मी लावली नाय," तो म्हणाला. "लांज्याच्या समीक्षा मॅडमनी जे कानामागं लावायला दिलं, तेच सगळ्या तोंडाला लावलं. दोनशे ऐंशी रुपये."

सत्कार परत घेता येतो का, असा विचार काही चेहऱ्यांवर दिसला. काशीरामभाऊ गळ्यातला हार चाचपू लागले. मग गंभीरपणे म्हणाले, "म्हंजे खरा गुण कानामागं हाय. आणि ता मान आपण वाटलाच नवता. चूक झाली."

पुढच्या सोमवारी सभा लागली.

बाटली संपली तेव्हा ऋत्विक लांज्याला गेला. आता तो नाव घेऊन मागतो, आवाज न पाडता. समीक्षानं दोन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या.

"माझा वॉर्ड आहे ना अजून?"

"नाय. कानामागचा मान भाऊंच्या घरात गेला. तुम्ही बायमाणूस, त्यात गुहागरच्या."

"कान दोन असतात," ती म्हणाली. "दुसरा?"

"तो मुंबईला दिला."

तिनं हिशेबाचा कागद फाडून दिला. "त्यांचं पार्सल आलं की कळवा," ती म्हणाली. "तोवर हेच लावत रहा."