चार बोटं खाली

मी खुंटी बोलतेय. कपड्यांची नव्हे, सायकलची. भिंतीतून पुढे आलेले दोन लोखंडी हात, टोकाशी जरा वर वळलेले, आणि सायकलचा रंग खरवडू नये म्हणून त्यांना गुंडाळलेली जुनी ट्यूब, एवढाच माझा पसारा. माणसं नको असलेली कामं खुंटीला टांगतात म्हणे. माझ्यावर टांगलेलं मात्र रोज सकाळी उतरायचं आणि कामाला जायचं. याचा मला गर्व होता, लपवत नाही.

खिडकीचे गज करून उरलेल्या तुकड्यांतून एका वेल्डरने मला जोडलं. माझ्या मालकांना सगळे मिस्त्री म्हणत. भिंतींना गिलावा करणं हा त्यांचा धंदा. घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात मिस्त्री आणि त्यांची लेक अशी दोनच माणसं. तिची आई ती पाच वर्षांची असताना गेली होती.

माणसं दोन, सायकलीही दोन. त्या ठेवायच्या कुठे? खाली ठेवलेली एक आधीच चोरीला गेली होती. जिन्यात ठेवली की समोरच्या काकू तोंडसुख घ्यायच्या, "हा जिना आहे की सायकल स्टँड?" शेवटी दाराशेजारची भिंत ठरली. लेकीची छोटी सायकल भिंतीला टेकून खाली, आणि तिच्या डोक्यावर मिस्त्रींची, मधल्या दांडीने माझ्या हातांवर आडवी.

मला बसवलं तो दिवस चांगला आठवतो. मिस्त्रींनी भोकं पाडली, मग तांब्यातलं पाणी ओंजळीने भिंतीवर मारायला लागले.

"हे कशाला?" लेकीने विचारलं. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल.

"आधी भिंतीला पाणी पाजायचं, मग सिमेंटचा माल लावायचा."

"तिला तहान लागते?"

"लागते तर. कोरडी भिंत मालातलं सगळं पाणी पिऊन टाकते. मग माल वाळतो, पण धरत नाही. चार दिवसांनी केसासारखी चीर येते."

भोकांभोवती माल भरून झाला आणि त्यांनी ओल्या गिलाव्यात, माझ्या डाव्या अंगाला, हलकेच अंगठा दाबला. "ही माझी सही," म्हणाले. "प्रत्येक कामात कुठेतरी असते. रंग लागला की दिसत नाही. हात फिरवला तरच कळते." लेकीने लगेच हात फिरवून बघितला.

पुढची कितीतरी वर्षं मी तो एकच खेळ पाहिला. सकाळी सायकल उतरायची, मागे थापी आणि घमेलं बांधलं जायचं. संध्याकाळी मिस्त्री सिमेंटने पांढऱ्या झालेल्या भुवयांनी परत यायचे, एका दमात सायकल वर चढवायचे आणि हातपाय धुवायला जायचे. लेक मोठी झाली आणि चष्म्याच्या दुकानात लागली. लोकांचे नंबर काढायची, फ्रेममध्ये काचा बसवायची. तिची सायकलही मोठी झाली. आता दोन्ही सायकलींच्या मध्ये जेमतेम दोन बोटं जागा उरली.

लेकीने बापाचे डोळेही तपासले. "बाबा, मोतीबिंदू आहे. जवळचं तुम्हाला काहीच नीट दिसत नाही."

"डॉक्टरीणबाई, अक्षरं दिसत नसतील. पण भिंत कुठं फुगलीय ते विचारा, आत्ता सांगतो," मिस्त्री म्हणाले. ऑपरेशनचं त्यांनी खुंटीला टांगलं. माझं नाव असं फुकट बदनाम होतं.

तिने मात्र मनात एक गाठ बांधून ठेवली, की बाबांना जवळचं दिसत नाही. पुढचं सगळं या एका समजुतीवर घडलं. गिलाव्याचा माणूस डोळ्यांनी भिंत बघतच नाही, तळहाताने बघतो, हे ती मिस्त्रींची लेक असूनही विसरली.

मग मिस्त्रींचा उजवा खांदा आखडला. आधी एका दमात चढणारी सायकल दोनदा प्रयत्न करून चढायला लागली, मग गुडघ्याचा टेकू देऊन. एका संध्याकाळी तिसऱ्या खेपेला ती कशीबशी माझ्या हातांवर आली. मिस्त्री भिंतीला टेकले आणि हसत म्हणाले, "ज्या दिवशी ही वर चढणार नाही, त्या दिवशी कुणाला तरी देऊन टाकायची. घरात ठेवायला जागा कुठाय? आणि मग काम बंद."

लेक पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलेलं मी पाहिलं. मागे एकदा पाय मुरगळून मिस्त्री तीन आठवडे घरी होते. तेव्हा ते पलंगामागची भिंत तासन् तास चाचपत बसायचे आणि ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठायचे. काम बंद म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं.

चार दिवसांनी लेकीची सायकल घरातून गेली. दुकानातल्या झाडू मारणाऱ्या बाईंच्या मुलीला तिने ती देऊन टाकली होती.

"का गं?" मिस्त्रींनी विचारलं.

"सायकलने गुडघा दुखतो माझा. चालायला बरं वाटतं."

"बरं," मिस्त्री म्हणाले. दुकान चालत पाऊण तास. धडधाकट गुडघ्यांची ती पोर रोज दीड तास चालायला लागली.

पुढच्या रविवारी मिस्त्री कामावर गेले आणि तिने शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणलं. मला उतरवलं आणि बरोबर चार बोटं खाली बसवलं. वरची भोकं बुजवली, वरून उरलेला रंग मारला आणि लांब उभं राहून बघितलं. तिच्या काचा बसवणाऱ्या हातांनी काम झकास केलं होतं. फक्त भिंतीला पाणी पाजलं नव्हतं. मी लोखंड. सांगणार कशी?

संध्याकाळी मिस्त्री आले. सायकल उचलली आणि पहिल्याच दमात ती माझ्या हातांवर आली. ते थबकले. त्यांचा तळहात माझ्यावरून वर सरकला, जिथे मी सकाळपर्यंत होते तिथे थांबला, आणि खाली आला.

"आज खांद्याला बरं वाटतंय," ते म्हणाले.

"रात्री तेल चोळलं, त्याने फरक पडला असेल," लेक आतून म्हणाली.

चौथ्या दिवशी केसासारखी चीर आलीच. लेक दुकानात गेलेली. मिस्त्रींनी चिरेवरून बोट फिरवलं आणि मनापासून हसले. मग लेकीने भरलेलं सगळं त्यांनी खरवडून काढलं, भिंतीला पाणी पाजलं, थापीने माल भरला, जुन्या अंगठ्याशेजारी पुन्हा अंगठा दाबला. वाळल्यावर रंगसुद्धा मारला. हे सगळं ती यायच्या आत, दोन दुपारी लावून. पुन्हा कामावर जाताना माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरगी गुणाची आहे. फक्त पाणी पाजायला विसरते."

आपली डागडुजी एवढी जमली याचा लेकीला भारी अभिमान. चीर नाही, डाग नाही. मग दुसऱ्यांदा ती बिनधास्त झाली. सहा महिन्यांनी खांद्याने पुन्हा दगा दिला, तेव्हा तिने मला चांगलं तीन वीत खाली आणलं. घरातली खुंटी तीन वीत खाली येते आणि खुद्द मिस्त्रींना पत्ता लागत नाही, यावर विश्वास ठेवणारी जगात ती एकटीच असेल. पुन्हा पाणी नाही, पुन्हा चीर. पुन्हा मिस्त्रींनी ती बुजवली. या वेळी डाव्या हाताने उजवं कोपर धरून, मध्ये मध्ये पलंगावर बसून. अंगठा दाबायला मात्र विसरले नाहीत.

मला दोघांचाही राग यायचा. एकाच खोलीत जेवायचे, एकाच खोलीत झोपायचे, आणि बोलायचे तेलाविषयी.

मग ती दुपार आली. मिस्त्री लवकर घरी आले. सायकल वीतभरच उचलायची होती. नाही उचलली. पुन्हा धरली, पुन्हा नाही. ते जमिनीवर बसले आणि चाकाचे आरे बोटांनी मोजल्यासारखे करत राहिले. लेक यायच्या वेळेला उठले, स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीखालून दोन विटा काढल्या आणि एकेक चाक कसंबसं सरकवत विटांवर चढवलं. दांडी माझ्या हातांना टेकेल अशी सायकल उभी केली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, टांगलीय.

लेकीने आल्या आल्या बघितलं. विटा तिला दिसल्या. न दिसायला तिला काही मोतीबिंदू नव्हता. तिने पर्स ठेवली आणि विचारलं, "चढवली का सायकल?"

"चढवली की," मिस्त्री म्हणाले.

त्यानंतर ती रोज विटांच्या भोवतीने झाडू मारायची, विटा न हलवता. मिस्त्री "आज सुट्टी," म्हणायचे, आणि सुट्ट्या वाढत गेल्या. सायकलचं वजन माझ्यावर नव्हतंच. मी नुसती त्यांचा मान राखत उभी होते. थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला, लेकीने त्यांना दवाखान्यात नेलं. नवव्या दिवशी ती एकटीच घरी आली. दार उघडं टाकून ती पलंगावर बसून राहिली.

महिन्याभराने तिने विटा काढल्या. इतक्या दिवसांनी माझ्या हातांवर पूर्ण वजन आलं आणि मी डळमळले. तिने घाईत पाडलेली ती भोकं भुसभुशीत झाली होती, माती सांडायला लागली. मला काढून दुसरीकडे बसवणं भाग होतं. घट्ट जागा शोधायला ती भिंतीवरून तळहात फिरवायला लागली, अगदी मिस्त्रींसारखी.

वर तो जुना अंगठा लागला. लहानपणी दाखवलेला, म्हणून ती जराशी हसली. त्याच्या शेजारी दुसरा लागला. तिचा हात थांबला. ही जागा तर तिने बुजवली होती. तिथून सावकाश चार बोटं खाली आली. तिथे तिसरा.

तिने आपला अंगठा त्यात ठेवला. तो बुडाला, भोवती जागा उरली.

"बाबा," ती म्हणाली, "एकदा म्हणायचं होतं ना."

म्हटलं होतं, गं. मला म्हटलं होतं. तुझ्या बापाची सायकल मी इतकी वर्षं पेलली, तिचं काही वाटलं नाही. ते एक वाक्य मात्र माझ्याकडे राहून गेलंय आणि ते मला उतरवून देता येत नाही. तुम्हाला तिची गाठ पडली तर तेवढा निरोप द्या. पोरगी गुणाची आहे, म्हणाले होते.

पुढचं, फक्त पाणी पाजायला विसरते, ते आता सांगू नका. कारण त्या दिवशी तिने तिन्ही अंगठे सोडून, आपल्या छातीच्या उंचीवर मला नवीन जागी बसवलं. मग खालची भोकं बुजवण्याआधी ती तांब्या घेऊन आली आणि भिंतीला पाणी पाजलं. पोटभर पाजलं. नंतर माल भरला आणि ओल्या गिलाव्यात स्वतःचा अंगठा दाबला.

आता ती मिस्त्रींच्याच सायकलने दुकानात जाते. सीट तिने चार बोटं खाली घेतलीय. संध्याकाळी ती सायकल उचलून माझ्या हातांवर ठेवते आणि हातपाय धुवायला जाते.