खाऱ्या पाण्याची रेघ

दुपारच्या सामसुमीत इन्व्हर्टरने बारीक ‘टीं’ केलं, तसं दिव्याने झोपलेल्या लेकीचं, ओवीचं डोकं मांडीवरून अलगद उशीवर सरकवलं आणि लॅपटॉप पुढ्यात ओढला. वीज गेली होती. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा एवढंच चाले. लॅपटॉपने आता आपल्या जिवावर तग धरायचा.

पडद्यावर लाल अक्षरं तशीच होती. प्रोग्राम सुरू होऊन मध्येच अडला होता. एक आज्ञा त्याला ओळखीची नव्हती, एवढंच. बाकी सगळं त्याने मुकाट्याने मान्य केलं होतं. दिव्या पुन्हा पुन्हा तेवढंच वाचत होती.

वालावलच्या खाडीत उन्हाळ्यात समुद्राचं पाणी किती आत चढतं, ते सांगणारा हा प्रोग्राम तिने पीएचडीसाठी पुण्यात लिहिला होता. तो लिहिला विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये. परवाना कॉलेजचा, त्यामुळे चालायचा फक्त तिथल्या लॅबमध्ये. मग लग्न झालं, ओवी झाली, काम राहिलं. कुणी विचारलं की ती सांगे, “ते पुण्याच्या लॅबशिवाय चालत नाही हो.” सांगून सांगून ते वाक्य नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. सासूबाई, नर्मदाबाई, आल्यागेल्याला हसत म्हणत, “आमच्या सुनेचा पाणी पुण्यात तुंबलाहा.”

या आठवड्यात पीएचडीच्या सरांचा फोन आला. रविवारपर्यंत काही निकाल दाखवलास तर नोंदणी वाचवतो, पुढे माझ्या हातात नाही. तिने लॅबमधल्या श्रियाला फोन लावला, तर ती पोर सहज म्हणाली, “ताई, ऑक्टेव्ह टाक ना, तसलंच दुसरं सॉफ्टवेअर. तुझ्या फायली थोड्याफार तशाच चालतील. फुकट आहे. कुणीही घ्या, आत उघडून बघा, बदला.”

आज शनिवार होता. ऑक्टेव्ह तिने काल रात्रीच उतरवून घेतलं होतं, आणि प्रोग्राम अडला होता तो त्यातच.

अडलेली आज्ञा काय करत होती? खाडीतल्या नोंदींची फाईल वाचत होती. मग ते वाचणं आपणच लिहिलं तर? दिव्याने पाय पोटाशी घेतले. बोटं आधी चाचपडली, मग त्यांना जुनी वाट सापडली. ओवीने झोपेत तिच्या पाठीवर पाय टाकला. तिने तो तसाच राहू दिला. बॅटरीचं चिन्ह लाल झालं तेव्हा तिने कळ दाबली.

पांढरी चौकट उघडली. थोडा वेळ नुसतीच कोरी. मग डावीकडून एक निळी रेघ निघाली आणि चढत गेली.

दिव्या लॅपटॉप छातीशी धरून अनवाणीच दारापुढच्या खळ्यात धावली. नर्मदाबाई उन्हात वाळत घातलेली फणसाची साठं उलटत बसल्या होत्या.

“आई, बघा. चाललं.”

“काय चल्ला? माका खंय कळता त्यातला?”

“ही आपली खाडी. हे देऊळ. मे महिन्यात खारं पाणी या रेघेपर्यंत येतं.”

नर्मदाबाईंनी फणसाने चिकटलेलं बोट पडद्याला न लावता रेघेच्या वरवर फिरवलं. ते एका जागी थांबलं.

“ही सत्यवानाची बाव मां?”

“तीच विहीर. तिथपर्यंत खारं.”

“बरोबर आसा गो. गेल्या वर्साक तेच्या बायलेन माका चाय दिल्यान, ती खारट. माका वाटला, साकर समजान मीठ घातल्यान. गावभर सांगितलंय मी.” त्या खुसखुसल्या. “आता जावन तिची माफी मागूक व्हयी.”

दिव्या एवढी हसली की तिचे डोळे भरून आले. सरांना पाठवायला तिने घाईने रेघेचा फोटो मोबाईलवर काढला. पहिला हलला, दुसरा नीट आला.

ओवी डोळे चोळत पायरीवर येऊन उभी होती.

“आई, ह्यां खंयसून हाडलंस?”

“हे ऑक्टेव्ह ना? इंटरनेटवरून उतरवून घेतलं, सोन्या. खूप माणसांनी मिळून केलंय. ज्याला हवं त्याने घ्यावं.”

“पैशे नाय घेनत?”

“नाही.”

“कधी केल्यानी?”

“कधीचंच. तू जन्मायच्या कितीतरी आधी.”

“मगे मी पाळण्यात हुतंय तेव्हा पण हुतां?”

“होतं की.” दिव्या अजून हसतच होती. सरांना फोटो पोचल्याची खूण येते का ते ती बघत होती.

नर्मदाबाईंचा हात साठावर थांबला.

ओवी पायरी उतरून आईला येऊन बिलगली आणि मान वर करून म्हणाली, “मगे तेव्हाच कित्याक नाय केलंस?”