हंसामावशीचा दात आणि माझा आकडा

मित्रांनो, मी एक जुना मापक आहे, दिसायला जाड पेनासारखा. डहाणूच्या एका दवाखान्यात डॉक्टर रुपल मॅडमच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. नवीन दातासाठी हाडात स्क्रू बसवतात, तो हाडाने किती घट्ट धरला आहे हे मी सांगतो. स्क्रूवर चुंबकाची चिमुकली खुंटी लावतात, मी तिला न शिवता थरथरवतो आणि त्या थरथरीवरून शंभरपैकी आकडा दाखवतो; जितका मोठा, तितकी पकड घट्ट. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, सगळे माझं कौतुक करतील. मग नरपडच्या हंसामावशी भेटल्या.

मावशी तलासरीच्या बाजारात सुके बोंबील विकतात. बोंबील नीट वाळलाय हे त्या गिऱ्हाइकासमोर पुढच्या दातांनी कटकन तोडून दाखवतात. त्यांच्या चाव्यावर लोकांचा फार भरवसा. नेमका त्यातलाच एक दात पडला आणि धंदा बसला. नवरा नारूकाका चावून दाखवायला बसले. पण ते अर्धओला बोंबीलही मिटक्या मारत खातात, त्यांचं कोण ऐकणार?

स्क्रू बसवला त्या दिवशी मी सत्तर दाखवले. मावशींनी माझी दृष्ट काढली. काही आठवड्यांनी मी अठ्ठावन्न दाखवले आणि त्यांचा पारा चढला.

"हा काटा मारते," मावशी म्हणाल्या. "बाजारात असे पुष्कळ बघितलेत मी. बाय, जरा उलटा धरून बघ."

मला उलटा धरला, झटकला, पदराने पुसला. आकडा हलेना. खरं सांगतो, त्यांचा उतरलेला चेहरा बघून सत्तर दाखवावेत असं मलाही वाटलं.

"मावशी, त्या बाजूने चावलात का?" मॅडमनी विचारलं.

"नाय गं. याची शपथ." दारातले नारूकाका दचकले.

"मग घाबरू नका. सुरुवातीची पकड सैल होते, नवं हाड धरायला वेळ लागतो. मधे आकडा उतरतोच. आज दात लावला तर स्क्रूच हलायला लागेल."

"मग बाजारात काय दाखवू, हिरडी?"

"गिऱ्हाइकालाच चावायला द्या."

मावशींनी तसं केलं. गिऱ्हाइकं एकेक बोंबील चावून, संपवून, पुढच्या टोपलीकडे निघून जायची. माझ्या नावाने रोज शिव्या होत्या म्हणे. पण मावशींनी नव्या जागी काही चावलं नाही.

पुढच्या खेपेला मी शहात्तर दाखवले. मावशींनी तीनदा मोजून घेतलं. मग दात बसला. खुंटी निघाली, स्क्रू कायमचा झाकला गेला. माझं काम नीट झालं की माझी न् त्या माणसाची गाठ संपते, याचं मला दरवेळी थोडं वाईट वाटतं.

मित्रांनो, आकडा कमी आला म्हणून कुणा मापकाला आपटू नका. आम्ही नाजूक असतो, आणि तुमचं बरं व्हावं म्हणूनच नावडतं बोलतो.

मावशी जाताना दारातून परत फिरल्या. मला वाटलं, आता शेवटची शिवी. त्या मॅडमना म्हणाल्या, "बाय, हा तुझा पेन एक दिवस आमच्या बाजारात बसव. तिकडे खरं बोलणारं कोणी नाय."