बाई परतली की नाही, याबाबतचा ठराव

डाळीच्या गंजावरचं झाकण टक् टक् वाजायला लागलं, आणि दीपाली समुद्रावरून घरात आली.

दुपार होती. लेक पुनम झोपली होती, नवरा अंकुश बांबूच्या कामावर होता, कोंबड्यासुद्धा कुंपणाच्या सावलीत गप पडल्या होत्या. अशी शांतता कोसमटोल्यात दिवसातून एकदाच, डाळ शिजेपर्यंत मिळायची, आणि तेवढ्यात दीपाली चुलीपुढे पाटावर बसून वाचून घ्यायची. एका डाळीत तीस पानं व्हायची. तूर जुनी असली तर चाळीस.

हातातलं पुस्तक ती सहाव्यांदा पाहत होती. पाहतच होती म्हणायचं, कारण त्यात एकही शब्द नव्हता. दीडशे पानं नुसती चित्रं. एक बाई लाकडं आणायला जंगलात जाते. मोळी बांधते, डोक्यावर घेते, आणि मग कोण जाणे काय होतं, मोळी खाली ठेवते आणि चालायला लागते. नदी लागते, नदीच्या कडेकडेने जाते, गावं जातात, पूल जातात, आणि शेवटी समुद्र येतो. शेवटच्या पानावर बाई नाही. ओल्या वाळूत पावलं आहेत, आणि पाणी.

तिने डाळ घोटली. पुस्तक तांदळाच्या डब्यामागे ठेवलं.

पुस्तकं फिरत्या वाचनालयाच्या पेटीतून आली होती. पेटीत एकशे सत्तेचाळीस पुस्तकं आणि एक फॉर्म. फॉर्मवर लिहिलं होतं, वाचकाला अलीकडे आवडलेली तीन पुस्तके कळवा : एक मुलांचं, एक चित्रकादंबरी, एक माहितीचं. ती तीन गावातच राहतील. बाकीची पेटी पुढच्या गावाला. पुढे चाळीस गावं होती. म्हणजे बाई एकदा पेटीत बसून गेली की पुनम दहावीला जाईपर्यंत तिचं तोंड दिसणार नव्हतं. दीपालीला ती हवी होती. दुसरं काही तिने या वर्षी कुणाकडे मागितलं नव्हतं.

चूक तिचीच झाली. फॉर्मवर नुसती सही पुरली असती. पण कोसमटोल्यात शिक्क्याशिवाय कागद म्हणजे अर्धाच कागद. ती ग्रामसभेचा सचिव निकेश याच्याकडे शिक्का मारून घ्यायला गेली.

निकेशने फॉर्म दोनदा वाचला. "वहिनी, हे पुस्तकं गावात राहतीन म्हंते. जे गावात राहाचं, थे सभेत ठरते."

"पण आवडले मले आहेत नं!"

"आवडले तं आवडलेच. पण तुमाले आवडले हे गावाले मान्य आहे का, थे पाहा लागन."

कोसमटोल्यात मतदान होत नाही. हात वर करणं नाही, डोकी मोजणं नाही. सगळे हो म्हणेपर्यंत बसायचं. एक माणूस नाही म्हणाला तरी विषय तिथेच थांबतो. मग त्याला समजवायचं, नाहीतर त्याने बाकीच्यांना. बांबू कधी तोडायचा, बकऱ्या कुठे चारायच्या, सगळं असंच ठरतं, आणि ठरलेलं कुणी मोडत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून दीपालीला ही पद्धत आवडायची. आपल्या आवडीवरच सभा बसेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सभेने एवढंच ठरवलं की न पाहिलेल्या गोष्टीला हो म्हणता येत नाही. म्हणून आठ दिवस तिन्ही पुस्तकं घराघरांतून फिरली. परत आली तेव्हा एकाला हळद लागली होती आणि एकातून मोहाचा वास येत होता.

आठव्या दिवशी सकाळी गोटुलात, गावाच्या सभाघरात, सगळे जमले. पेटी न्यायला आलेला बिरजू गाडी बाहेर उभी करून दारात टेकला.

"कितीक वेळ लागन?" त्याने विचारलं.

"सहमती झाली का झालं," निकेश म्हणाला.

मुलांच्या पुस्तकात एका मगरीचा दात दुखतो आणि एक कोंबडी तोंडात शिरून तो उपटते. इसरूमामाने लगेच हरकत घेतली. इसरूमामा म्हणजे गावातला सगळ्यांत जाणता माग काढणारा. मातीवरचा पंजा बघून वाघ कधी गेला ते सांगणारा.

"कोंबडी मगरीच्या तोंडात जाते नि वापस येते. हे लेकराइले सांगाचं का?"

"मामा, गंमत आहे थे," दीपाली म्हणाली.

"मगरीले माहीत आहे का, गंमत आहे म्हणून?"

यावर तासभर गेला. शेवटी सुकरीआत्या, जिची दुपार नेहमी कोंबड्या हाकलण्यात जाते, म्हणाली, "एखादी येते वापस. माह्यी एक कोल्ह्याच्या तोंडातून आलती." तेव्हा पुस्तक 'अपवाद म्हणून' मंजूर झालं.

माहितीचं पुस्तक मुंग्यांवर होतं. लाल मुंग्या पानं शिवून घर कसं बांधतात, एकमेकींना वाट कशी सांगतात, सगळं. लोकांनी ते फार मन लावून पाहिलं होतं. तक्रार एकच होती, आणि तीही सुकरीआत्याची.

"सारं लिवलं. चटणीचं नाई लिवलं. ज्यानं चाखली नाई त्याले मुंगी का समजली?"

शेवटच्या कोऱ्या पानावर चटणीची कृती आत्या सांगेल तशी लिहायची, या अटीवर मुंग्या राहिल्या.

"आता झालं?" बिरजूने विचारलं.

"आता बाई," निकेश म्हणाला, आणि गोटुलात सगळे एकदम सावरून बसले.

दीपालीला तेव्हाच कळलं की आठ दिवस गावात दुसरं काही बोलणंच झालेलं नाही.

"गोष्ट अशी आहे," इसरूमामा म्हणाला. "माणूस जंगलात गेला नि सांजेपर्यंत आला नाई, तं गाव शोधाले जाते. आपला रिवाज आहे. हे बाई लाकडाले गेली. आली नाई. पुस्तक ठेवून घेतलं तं बाई आपल्या हद्दीत आली. मंग शोधाले कोन जाईल?"

कुणी हसलं नाही. दोघातिघांनी माना हलवल्या. एकाने विचारलं की समुद्र कोणत्या बाजूला पडतो. दुसरा म्हणाला, सिरोंच्यावरून जवळ पडन.

"पण मामा, ती चित्रातली बाई आहे," दीपाली म्हणाली.

"मंग का झालं? मोळी तं खरीच बांधली तिनं. गाठ पाहा. आपलीच गाठ आहे."

ते खरं होतं. गाठ अगदी आपलीच होती.

निकेशने मार्ग काढला. "मामा, तुमीच माग पाहा. आली असन वापस, तं शोधाचं कामच नाई."

इसरूमामाने पुस्तक उघडून जमिनीवर ठेवलं आणि शेवटच्या पानापुढे पालथा झोपला. मामाने एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, पानाचा वास घेतला. बिरजूसुद्धा दारातून आत आला.

"लेकुरवाळी आहे," मामा म्हणाला. "थकली नाई. घाईत नाई. उजव्या पायात जुना काटा."

"गेली का आली?"

मामा उठून बसला, दाढी खाजवली. "पाणी लागलं. माग पुसला," तो म्हणाला. साठ वर्षांत असं त्याने पहिल्यांदाच म्हटलं असावं, कारण म्हणताना तो कुणाकडे पाहत नव्हता.

मग निकेशने लिहून काढलेला ठराव वाचला : सदर बाई घरी परत आली असे ही सभा सर्वसहमतीने मानते, सबब शोध घेण्याची गरज नाही, पुस्तक गावात ठेवावे. छान झाला होता. सगळे हो म्हणाले. मागे बसलेली म्हातारीही हो म्हणाली, जिला कमी ऐकू येत होतं.

"वहिनी?"

दीपालीने नुसती मान हलवायची होती. मान हलवली की पुस्तक तिचं. तांदळाच्या डब्यामागे कायमचं.

"नाही," ती म्हणाली.

निकेशने ठरावाचा कागद खाली ठेवला.

"नाही म्हणजे? पुस्तक तुमालेच पायजे नं?"

"पायजे. पण ती आली असं लिहू नका."

"मंग नाई आली?"

"तसंही लिहू नका."

अंकुश सरकत तिच्याजवळ आला. "हो म्हण ना वो. तुह्यं का जाते? लोकाइचे कामं पडले आहेत."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिला खरंच माहीत होतं. पण सहा वेळा ती त्या बाईला वाळूत सोडून झाकण उचलायला आली होती. सहाही वेळा बाई तिथे होती. आता निकेशच्या निळ्या शाईने तिला ओढून आणून चुलीपुढे बसवायचं, हे तिच्याने होईना.

रिवाजाप्रमाणे मग सगळे तिला समजवायला बसले. भात टाकला गेला. मुलं मगरीचं पुस्तक घेऊन लोळू लागली. सुकरीआत्या जवळ येऊन बसली.

"मी पन गेलती एकदा," ती हळूच म्हणाली. "तिकडं, छत्तीसगडच्या अंगाले. तीन रोज."

"आणि? वापस काऊन आली, आत्या?"

आत्याने विचार केला. "कोंबड्या होत्या," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "पन तिसऱ्या दिवशीपर्यंत आठोनी नाई आली त्याइची."

दीपाली हसली, आणि हसताना डोळे पुसले.

बिरजूने जेवून घेतलं, हात धुतले, आणि पहिल्यांदाच सभेत बोलला. "भाऊ, मी रोज धानोऱ्याहून निघतो. घरी फोन येते, कुठी आहे म्हणून. मी म्हणतो, रस्त्यात आहे. खोटं नाई. कुठचा रस्ता, थे कोन विचारते?"

निकेशने बिरजूकडे पाहिलं. मग पेन उचललं. ठराव असा झाला : सदर बाई परतीच्या वाटेवर आहे. पोचण्याची मुदत ठरवलेली नाही.

समुद्रापासून कोसमटोला फार लांब होतं. दीपालीने मनातल्या मनात नदी, पूल, गावं उलटी मोजली. वाटेत बसायला झाडंही होती. "चालते," ती म्हणाली.

सहमती झाली. शिक्का बसला. बिरजू पेटी उचलायला गेला तर इसरूमामाने पुन्हा थांबवलं : कागद बांबूचा, बांबू गौण वनोपज, गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना पाहिजे. निकेशने वादही घातला नाही. परवाना फाडला : नग एकशे चव्वेचाळीस, प्रजाती मानवेल बांबू, वाहन बिरजूचं.

गाडी गेल्यावर लोक उठायला लागले तेव्हा मागची म्हातारी मोठ्याने म्हणाली, "येऊन राह्यली म्हंता, तं तिच्या जेवनाचं का?"

सगळे परत बसले. येणाऱ्या माणसाचं ताट झाकून ठेवायचं असतं, यावर वाद असण्याचं कारणच नव्हतं. घरोघर पाळी ठरली. पहिली दीपालीची.

सांज झाली तेव्हा तिने अंकुशला वाढलं, पुनमला वाढलं, स्वतःला घेतलं, आणि चौथं ताट वाढून त्यावर परात पालथी घातली. भात, डाळ, वांग्याची भाजी. तिखट जरा कमी. चालून आलेल्या माणसाला पोटात आग नको. पुनम मांडीवर हात ठेवून हे सगळं पाहत होती. दिवसभर ती गोटुलात मगरीच्या पुस्तकावर लोळली होती, पण सभेतला एकही शब्द तिच्या कानांतून सुटला नव्हता.

"आई, थे बाई इथीच येईल? आपल्या घरी?"

"आज आपली पाळी आहे. आली तर येईल."

"मंग इथीच राहीन? तुह्यासारखा भात करन?"

"करेल की."

पुनमने परातीची कड जराशी उचलून आत डोकावलं आणि परत नीट झाकलं. मग आईकडे वळली.

"थे आली का मंग तू जाशील?"